निवडुंगाची वाटणी

काटेरी झाडाला जपावे लागते, असे सांगितले तर मांडवगण फराट्याच्या शेतकऱ्याला हसू येईल. बांधावरच्या निवडुंगाला कधी कोणी पाणी घातले आहे काय? परंतु आता आपल्या व्हरांड्यांत आणि गच्च्यांवर खांबासारखे सरळ वाढणारे कॅक्टस येऊन बसले आहेत. रोपवाटिकेत दोन-तीन रोपे एकाच कुंडीत लावलेली मिळतात. काही वर्षांत कुंडी भरते, मुळांचा गुंता होतो, कडेचे खांब बाहेर झुकतात. मग प्रश्न पडतो, त्यांना वेगळे करावे की नाही? माझे मत असे की करावे, आणि वेळेवर करावे.

‘एकत्र किती शोभतात! कशाला तोडता?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी कॅक्टसच्या मूळ भूमीकडे, अमेरिका खंडाकडे, पाहावे. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला साग्वारो दीडशे वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याचे कोवळे रोप बहुधा एखाद्या झाडाच्या सावलीत तग धरते. पुढे मात्र पाण्यासाठी दोघांत चढाओढ लागते आणि आसरा देणारे झाड पुष्कळदा आधी वाळते. लहानपणीची सोबत मोठेपणी अडचण होते, हे भाऊबंदकी पाहिलेल्या आपल्या गावांना नवे नाही. वेगळी चूल वेळेवर मांडली, तर निदान मने तरी शाबूत राहतात.

वाटणीपूर्वी झाडाची ओळख पटवावी. आपला त्रिधारी निवडुंग आणि शेर हे खरे कॅक्टस नव्हेत. ते एरंडाच्या कुळातले. त्यांना जखम झाली की पांढरा चीक वाहतो आणि तो डोळ्यांना फार अपायकारक असतो.

काम पावसाळ्यात काढू नये. थंडी ओसरल्यावर, माघ-फाल्गुनात, आठ-दहा दिवस पाणी बंद ठेवावे, म्हणजे माती सुटी होते. खांबांना गोणपाट किंवा वर्तमानपत्राची जाड घडी गुंडाळावी, कुंडी आडवी करून थोपटावी आणि मुळे काडीने हळूहळू सोडवावीत. जी सुटत नाहीत ती स्वच्छ सुरीने कापावीत. उन्हाकडची बाजू आधीच खडूने खुणावून ठेवावी. एकमेकांच्या आड वाढलेल्या बाजूंना कडक ऊन ठाऊक नसते; एकदम उघड्यावर ठेवल्यास त्या भाजतात.

नवी कुंडी मातीची, तळाला भोक असलेली, मुळांपेक्षा थोडीशीच मोठी असावी. निम्मी भरड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, उरलेल्यात माती व कुजलेले खत. नुसती काळी माती मुळीच नको. खांब पूर्वीइतकाच खोल लावून काठीचा आधार द्यावा.

खरी परीक्षा पुढेच आहे. तुटलेली मुळे आठवडाभर सावलीत सुकू द्यायची, मग कोरड्या मिश्रणात लावायची आणि आणखी आठवडाभर पाणी घालायचे नाही! ओल्या मातीत उघड्या जखमेला बुरशी लागते आणि खांब बुडापासून कुजतो. कोरडे ठेवल्याने तो मरत नाही, कारण त्याचे पाणी त्याच्या अंगातच साठलेले असते. त्याच्या धारा पेटीच्या भात्यासारख्या मिटतात आणि पाणी मिळाले की पुन्हा फुगतात. शिवाय त्याची रंध्रे दिवसा मिटलेली आणि रात्री उघडी असतात. इतका तो काटकसरी.

आपल्याला नेमके हेच जड जाते. आपला मुलूख मुळात पर्जन्यछायेचा. पण भीमेने आणि कालव्यांनी अलीकडे शिरूरला, पलीकडे दौंडला ऊस आणला आणि आपल्या हाताला पाण्याची चटक लावली. रोप सुकले, घाल पाणी. पिवळे पडले, घाल पाणी. अतिपाण्याने चांगले रान चिबड होते, हे उसाच्या गावात कोणाला सांगायला नको. तरीही मोट गेली, पंप आला आणि हात आवरण्याची विद्या मागे पडली. ती कृषीच्या विद्यार्थ्यांइतकीच आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही शिकावी. उद्या रानात पाणी सोडणारे हात आपलेच असणार आहेत.

म्हणून सुचवावेसे वाटते की, येत्या फाल्गुनात प्रत्येकाने दाटलेली एक तरी कुंडी सोडवून पाहावी. मुळे सोडवायला सगळे धावून येतील. नंतरचा आठवडाभर झारी मात्र कोणाच्याही हाती लागू देऊ नये.