विकायला काढलेले गाव, विसरलेला लढा

2019 साली हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या ताकतोडा गावाने 'गाव विकणे आहे' असे जाहीर केले. नोव्हेंबर 2023 मध्ये याच तालुक्यातल्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विक्रीला काढले आणि तसे मुख्यमंत्र्यांना कळवले. चार वर्षांत विक्रीची पाटी गावाच्या वेशीवरून माणसाच्या देहावर आली. दोन्ही वेळा कॅमेरे आले, आश्वासने मिळाली, गर्दी पांगली. दोष त्या शेतकऱ्यांचा नाही. सगळी दारे ठोठावून झाल्यावरच माणूस असे बोलतो. पण नाडलेल्या माणसाला संघटनेआधी स्वतःची विक्री सुचावी, ही धोक्याची घंटा आहे.

संघटनेचे बळ या भागाने पूर्वी पाहिले आहे. हा परिसर हैदराबादच्या निजामाच्या राज्याच्या उत्तर सरहद्दीवर होता. पलीकडे रिसोड, वाशीम, म्हणजे ब्रिटिशांचा वऱ्हाड. त्या काळी निजामाविरुद्ध सभा घेणेही गुन्हा होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर 1938 मध्ये स्थापनेआधीच बंदी आली. तरीही माणसे खचली नाहीत, कारण त्यांच्या लढ्यामागे अनेक वर्षांची बांधणी होती. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईत शिक्षक होते. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल काढून टाकलेले विद्यार्थी नागपूरला जाऊन शिकले आणि लढ्यात परतले. 1947-48 मध्ये उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या ठिकाणी लढ्याचे कॅम्प उभे राहिले. लढणाऱ्यांनी उमरीची बँक लुटली, तेव्हा त्या पैशांचा पै न् पैचा हिशेब ठेवला गेला. वसमतजवळच्या वापटीचे बहिर्जी शिंदे हुतात्मा झाले, ते या बांधणीच्या बळावर उभ्या राहिलेल्या लढ्यात. दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपण हुतात्म्यांना वंदन करतो, झेंडा फडकवतो. मात्र शाळा, परिषद, कॅम्प आणि हिशेब यांची आठवण कोणी काढत नाही. त्या लढ्यातली आशा भाषणांतून आली नव्हती. शेजारचा माणूस उद्याही आपल्यासोबत असेल, या खात्रीतून ती आली होती.

त्या लढ्याची अपुरी बाजूही सांगितली पाहिजे. भारतीय सैन्याने निजामाची राजवट संपवली, त्या 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात अनेक निरपराध मुसलमान मारले गेले. सुंदरलाल समितीने ते नोंदवले, पण तो अहवाल कित्येक वर्षे दडून राहिला. निजाम गेला तरी जात गेली नाही. 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला, तेव्हा दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तारासाठी 14 जानेवारी 1994 पर्यंत थांबावे लागले. त्या सोळा वर्षांत आंबेडकरी कार्यकर्ते मोर्चे काढत राहिले, तुरुंगात गेले, मार खाल्ला, पण हटले नाहीत. आशा कशी टिकवायची हे शिकायचे तर मुक्तिसंग्रामाइतकेच त्यांच्याकडूनही शिकावे लागेल.

गोरेगावचे शेतकरी अवयव विकायला निघाले, त्याच नोव्हेंबरात हिंगोलीत ओबीसींचा प्रचंड मेळावा झाला. मराठा आरक्षणाच्या सभाही त्याच सुमारास गाजत होत्या. कोणाची मागणी रास्त, हा वाद आम्ही येथे घालत नाही. पण सोयाबीन करपले ते जात विचारून नव्हे, आणि बँकेची नोटीसही सगळ्यांच्याच घरी आली. एकाच शिवारातली माणसे वेगवेगळ्या मैदानांत उभी राहिली, तर पीकविम्याचा प्रश्न कोणाच्याच मैदानात उरत नाही.

सगळ्यांची मिळून एक मागणी कशी घडते, याचा दाखला दूरचा आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात 1955 साली क्लिपटाऊनला 'स्वातंत्र्याची सनद' मंजूर झाली. त्याआधी कार्यकर्ते वस्त्यांत, कारखान्यांत, खेड्यांत फिरले आणि लोकांना काय हवे ते त्यांच्याच तोंडून टिपून घेतले. पुढची चार दशके ती सनद लोकांना धीर देत राहिली, कारण ती लोकांनीच घडवली होती.

सेनगावला हे अशक्य नाही. येत्या 17 सप्टेंबरला झेंडावंदनानंतर प्रत्येक गावात विशेष ग्रामसभा भरवा. पीककर्ज, विमा, रोजगार हमीची थकलेली मजुरी, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांची शाळा हे सगळे कागदावर घ्या. भूमिहीन, दलित, मुसलमान आणि बायांना आधी बोलू द्या. सगळ्या गावांची मिळून एक सनद करा आणि तहसीलवर एकत्र जा. तेथून परतल्यावर संघटना मोडू नका: दर महिन्याला बैठक घ्या, वर्गणीचा हिशेब चावडीवर लावा, निवडणुकीत कोणालाही संघटना वापरू देऊ नका. सरकारनेही हे ध्यानात घ्यावे की मागणी घेऊन येणाऱ्या माणसाशी बोलता येते. आशा सोडलेल्या माणसाशी बोलायला वेळ उरत नाही.

गाव विकायला निघाले, मग शरीर निघाले. आता विकायला फक्त जीवच उरला आहे. त्याआधी सेनगावने उठावे, आणि एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून उठावे.