काम झालं की विरघळणारा स्क्रू



नव्या कलमाला आपण आधाराची काठी बांधतो. दोन-तीन पावसाळ्यांत कलमाचं खोड जाड होतं, आणि काठी कुजून मातीत मिसळते. ती काढायला कुणी जात नाही. मोडलेल्या हाडाला असाच आधार देता आला तर?

जांभळाची फांदी ठिसूळ असते, हे आपल्या मोखाडा-जव्हारच्या मुलांना सांगायला नको! पडून हात मोडला तर पुष्कळदा प्लास्टरवर भागतं. पण हाड जागचं सरकलं असेल तर डॉक्टर आत सळी, पट्टी किंवा स्क्रू बसवतात. हे पोलादाचे नाहीतर टिटॅनियमचे असतात. मोठ्या माणसांत ते कित्येकदा तसेच ठेवतात. मुलांची हाडं मात्र वाढत असतात, म्हणून ते बहुधा काढावे लागतात. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके. शिवाय दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी घरं वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. तेव्हाच सळी काढायची वेळ आली तर मजुरी बुडते, नाशिकला जायचं भाडं वेगळंच. मग ‘पुढच्या वर्षी बघू’ असं होतं.

यावर शास्त्रज्ञांनी निवडला मॅग्नेशियम. फीत पेटवली की डोळे दिपवणारा पांढरा उजेड देतो ना, तोच हा धातू. ॲल्युमिनियमपेक्षाही हलका. तो आपल्याला परका नाही बरं का! झाडाच्या हिरव्या पानातल्या हरितद्रव्यात तो असतो, नाचणीच्या भाकरीत असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात तो सुमारे २५ ग्रॅम असतो, त्यातला निम्म्याहून जास्त हाडांत. जादा झालेला लघवीवाटे निघून जातो.

मग अडचण कसली? तर घाईची! बेल्जियमचे शल्यविशारद अल्बिन लाम्बोट यांनी १९०७ च्या सुमारास पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी बसवली. ती सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी ठोकली. आठच दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साठला. मॅग्नेशियमचा पाण्याशी संयोग झाला की हायड्रोजन निघतो, एका ग्रॅमपासून जवळजवळ एक लिटर! त्यात शरीरातलं पाणी खारट. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले की तिथे छोटा विद्युतघटच तयार होतो आणि त्यातला एक धातू भराभर झिजतो.

हे तुम्हीही करून पाहा. दोन ग्लासांत मिठाचं पाणी घ्या. एकात नुसता लोखंडी खिळा टाका, दुसऱ्यात तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळलेला खिळा. कोणता आधी गंजतो, ते चार दिवस वहीत लिहा.

पुढे शास्त्रज्ञांनी मॅग्नेशियम अधिक शुद्ध केलं. त्यात जस्त, कॅल्शियम, यिट्रियम असे धातू थोडे थोडे मिसळून मिश्रधातू बनवले. ते हळू झिजतात. वायूही थोडा थोडा निघतो आणि रक्त तो वाहून नेतं. हाड सांधेपर्यंत स्क्रू टिकायला हवा, त्यानंतर विरघळायला हवा, असा हा हिशेब. जर्मनीत हॅनोव्हर इथे तयार झालेल्या अशा स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. २०१५ मध्ये दक्षिण कोरियानेही आपल्या स्क्रूला परवानगी दिली.

पण अजून हे स्क्रू मुख्यतः हातापायांच्या लहान हाडांना चालतात. सगळ्या अंगाचा भार पेलणाऱ्या मांडीच्या हाडाला आजही पोलाद किंवा टिटॅनियमच लागतं. तेव्हा तुमच्या किंवा भावंडाच्या हाडात सळी असेल, तर दवाखान्याचा कागद जपून ठेवा. डॉक्टरांनी दिलेली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. घर कामाला बाहेर पडण्याआधी आईबाबांना ती दाखवा. कलमाची काठी आपोआप कुजते. ही सळी मात्र आठवणीनेच काढायची असते.