त्या संध्याकाळी आपण टाळ्या कशासाठी वाजवल्या?

फेसबुकनं काल सकाळी माझी एक जुनी पोस्ट उकरून समोर ठेवली. तारीख २० एप्रिल २०२३. मी लिहिलं होतं, "डोळ्यांचं पारणं फिटलं! अपयश असं साजरं करायला छाती लागते. आपल्याकडे हे कधी होणार?" खाली बदामांचा नुसता पाऊस. आज ती वाचून खरंच लाजल्यासारखं झालं. म्हणून हे लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा.

त्या दिवशी काय झालं ते आधी आठवूया. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजून गेलेले, तिकडे टेक्ससमध्ये सकाळचे साडेआठ. मेक्सिकोच्या सीमेलगत, समुद्रकाठी बोका चिका नावाची जागा. तिथं स्पेसएक्सचं स्टारशिप उभं होतं. उंची साधारण १२० मीटर, खाली ३३ इंजिनं, आणि जोर माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ च्या जवळजवळ दुप्पट. इतकं ताकदवान रॉकेट त्याआधी कोणी उडवलंच नव्हतं. सोमवारी एक व्हॉल्व्ह गोठला म्हणून बेत रद्द झालेला, त्यामुळे गुरुवारी उत्सुकता दुप्पट. मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून बसलो होतो, शेजारी भाचा. काउंटडाउन संपलं, आग दिसली, आणि ते जागचं हलेचना! मग धुराचा आणि धुळीचा एवढा लोट उठला की रॉकेट दिसेनासं झालं. त्यातून ते हळूहळू वर निघालं, तेव्हा अंगावर काटा आला हे मी आजही नाकारत नाही.

तीन इंजिनं सुरुवातीपासूनच बंद होती, वाटेत आणखी काही गेली. सुमारे ३९ किलोमीटरपर्यंत पोचल्यावर ते गिरक्या घ्यायला लागलं. भाचा म्हणाला, "मामा, हे असंच करायचं असतं का?" मी म्हटलं, "असेल बाबा काहीतरी." उड्डाणानंतर चार मिनिटांच्या आसपास ते फुटलं. आणि कंपनीचे कर्मचारी आनंदानं ओरडत होते. मीही टाळ्या वाजवल्या. मग ती पोस्ट टाकली.

आता मुद्द्यावर येतो. रॉकेट फुटलं म्हणून माझी तक्रार अजिबात नाही. पहिल्याच उड्डाणात इतकं मोठं यंत्र फुटणार, हे कोणीही मान्य करेल. ३३ इंजिनं एकत्र कशी वागतात हे कागदावर कळत नाही. ते उडवूनच कळतं. ज्यांनी त्या दिवशी "बघा, आपटलं!" म्हणून खिल्ली उडवली त्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये याच कंपनीनं परत आलेला बूस्टर मनोऱ्याच्या हातांत अलगद झेलून दाखवला. ते बघून मी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि त्या परत घेणार नाही.

पण त्या गुरुवारी फक्त रॉकेट फुटलं नव्हतं. खालची जमीनही फुटली होती.

रॉकेटच्या खाली ज्वाळा वळवायला खोल चर खणतात. वरून पाण्याचा प्रचंड मारा करतात, म्हणजे आग आणि आवाज दोन्ही शोषले जातात. हे काही गुपित नाही. फ्लोरिडात नासानं अपोलोच्या काळात, १९६० च्या दशकात, असे चर बांधले. शटलच्या वेळी तिथं पाण्याची जी टाकी होती तिच्यात अकरा लाख लिटरहून जास्त पाणी मावायचं. आपल्या श्रीहरिकोटालाही ज्वाळा वळवायची सोय आहे. बोका चिकाला तसा चर नव्हता. काय होतं? काँक्रीट. जगातल्या सगळ्यात ताकदवान रॉकेटखाली सपाट काँक्रीट!

आणि हे अनवधानानं झालं नव्हतं. २०२० मध्येच मस्कनं जाहीरपणे लिहिलं होतं की चराशिवाय काम भागवायचा विचार आहे, पण ती चूक ठरू शकते. उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं की पाण्यानं थंड राहणारी पोलादी प्लेट बनवायला तीन महिन्यांपूर्वीच घेतली होती. ती वेळेत तयार झाली नाही, आणि काँक्रीट एक उड्डाण तरी तग धरेल असं वाटलं. का वाटलं? तर फेब्रुवारीत ३१ इंजिनं जमिनीवरच पेटवून बघितली होती, तीही जवळपास निम्म्या जोरावर.

म्हणजे प्लेट बनत होती. थोडं थांबले असते तर बसवता आली असती. ते थांबले नाहीत. याला प्रयोगातलं अपयश म्हणत नाहीत. आपल्या भाषेत याला 'चालवून घेणं' म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता उरकणारा ठेकेदार हेच करतो, आणि त्याला आपण 'छाती लागते' असं म्हणत नाही.

मग काय झालं? काँक्रीट उखडून खाली मोठा खड्डा पडला. तुकडे समुद्रापर्यंत गेले. लांब उभ्या केलेल्या एका गाडीवर काँक्रीटचा ढेकळाएवढा तुकडा आदळला, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. अमेरिकेच्या वन्यजीव खात्यानं नोंद केली ती अशी : सुमारे ३८५ एकरांवर अवशेष, सरकारी उद्यानाच्या जमिनीवर साडेतीन एकरांची आग, आणि दहा किलोमीटरपर्यंत बारीक भुग्याचा पाऊस. मेलेले पक्षी सापडले नाहीत, हेही त्याच नोंदीत आहे, ते लपवायचं कारण नाही. पण तो सगळा भाग पाणपक्ष्यांचा आणि समुद्री कासवांचा. जवळच्या पोर्ट इझाबेल गावात माणसांच्या अंगणात, गाड्यांवर, खिडक्यांवर वाळूसारखी धूळ बसली. त्या गावानं कुठलं तिकीट काढलं होतं हो या खेळाचं?

तिथला किनारा म्हणजे टेक्ससच्या लोकांचा हक्काचा किनारा. तो सर्वांना खुला असावा हे त्या राज्यानं १९५९ पासून कायद्यात धरलंय आणि २००९ मध्ये थेट राज्यघटनेत घातलंय. पण २०१३ मध्ये कायदा बदलून उड्डाणासाठी तो बंद करायची सोय करून दिली. जायचा रस्ता एकच, तोही बंद. शेजारच्या वस्तीतल्या घरमालकांना २०१९ मध्ये पत्रं गेली की घरं विका, तिप्पट किंमत देतो. तिप्पट ऐकायला बरं वाटतं. पण खिडकीबाहेर रॉकेट उभं असताना 'नाही' म्हणायची मोकळीक किती उरते, हे प्रकल्पात जमिनी गेलेल्या कोणालाही विचारा. कोयनेच्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आणखी एक फुगा. "बघा, खासगी माणसानं स्वतःच्या पैशानं करून दाखवलं." कंपनीनं स्वतःचे पैसे ओतलेत, शंकाच नाही. पण याच स्टारशिपवर बेतलेल्या चांद्रयानासाठी नासानं एप्रिल २०२१ मध्ये २.८९ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलेलं होतं. पैसा करदात्याचाही आहे, किनारा लोकांचा आहे, धूळ गावाची आहे. खासगी नक्की काय काय आहे ते सांगा.

परवाना देणारं सरकारी खातं काय करत होतं? उड्डाणाच्या सहा दिवस आधी परवाना दिला. नंतर चौकशी केली आणि सप्टेंबरमध्ये ६३ दुरुस्त्या सांगितल्या. म्हणजे परवाना आधी, शहाणपण मागून. पर्यावरण संघटना १ मे रोजीच त्या खात्याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. नोव्हेंबरात दुसरं उड्डाण झालं ते पोलादी प्लेट आणि पाणी घेऊन, आणि जमीन शाबूत राहिली. सात महिन्यांत जमलं की नाही?

माझ्या त्या पोस्टमधलं सगळ्यात वाईट वाक्य होतं ते "आपल्याकडे हे कधी होणार?" अहो, झालंय की. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात पडलं. मोहिमेचे प्रमुख होते कलाम. पण पत्रकारांसमोर गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. पुढच्या वर्षी जुलैत यश आलं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे पाठवलं. ही गोष्ट कलामांनीच पुढे अनेकदा सांगितली. त्यात जल्लोष नव्हता, पण 'चूक माझी' म्हणणारा माणूस होता. मला २०२३ मध्ये ती आठवली नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे ३३ इंजिनं होती.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आता आपल्याकडेही खासगी रॉकेटं आली आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या स्कायरूटचं छोटं विक्रम-एस उडालं, मे २०२४ मध्ये चेन्नईच्या अग्निकुलचं. मला त्याचा अभिमान आहे. अंतराळ धोरण एप्रिल २०२३ मध्येच आलं. पण कायदा? मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला होता, हे लिहीपर्यंत कायदा झालेला नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आपलं रॉकेट दुसऱ्या देशात कोणाच्या डोक्यावर पडलं तर भरपाई भारत सरकार देणार, म्हणजे तुम्ही-आम्ही. आणि आपल्याच किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या होडीवर पडलं तर तो कोणाच्या दारात जाणार? किती दिवसांत पैसे मिळणार? ते धोरणात मला कुठे सापडलं नाही.

तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला नवं प्रक्षेपण केंद्र होतंय, फेब्रुवारी २०२४ मध्ये पायाभरणी झाली. तिथून मुख्यतः लहान रॉकेटं उडतील, खासगी कंपन्यांचीही. कोणाला तमिळ येत असेल आणि तिथल्या मच्छीमारांचं म्हणणं वाचनात आलं असेल, तर कृपया कमेंटमध्ये मराठीत लिहा. "विकासविरोधी" वगैरे लिहायचं असेल तर तेही लिहा, पण आधी काँक्रीटबद्दल उत्तर द्या.

जुनी पोस्ट डिलीट करत नाहीये. तिच्याखाली ही चिकटवतोय.