गुणांची फ्रेंच

पुण्या-मुंबईच्या कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीला आलेली कितीतरी मराठी मुले मराठी सोडून फ्रेंच घेतात. कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले : 'गुण मिळतात.' आमचा आक्षेप फ्रेंचवर नाही, या उत्तरावर आहे. दोन वर्षांनंतरही ज्याला एखादी फ्रेंच कविता वाचावीशी वाटत नाही, त्याने फ्रेंच घेतली नाही; मराठी तेवढी टाकली. २०२०च्या अधिनियमाने मराठी सक्तीची झाली ती दहावीपर्यंत. पुढची पळवाट मोकळीच राहिली.

इकडे हिमायतनगरात आमच्या आजोबांची पिढी १९४८पर्यंत, निजामाच्या अमलात, उर्दूतून शिकली. ती सक्ती जाचकच होती. पण उर्दू आली म्हणून मराठी टाकावी, असे त्यांच्या मनातही आले नाही. आज याच गावातील एखाद्या मुलीला फ्रेंच मनापासून शिकायची असेल, तर तिने कोणाकडे जावे? उद्या ती मराठीत एम. ए. करील, अस्तित्ववादावर टिपणे काढील. पण काम्यूची १९४२ची 'लेत्रांजे' तिला इंग्रजीच्याच हातून मिळेल. सार्त्र-काम्यूंची नावे घेणारी आमची बरीचशी समीक्षा अशीच उसनवारीवर उभी आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बारावीपर्यंत मराठी सर्वांना असावी आणि फ्रेंच तिच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला यावी. तालुक्याच्या गावीही यावी. मराठीच्या प्राध्यापकांनीच ही मागणी लावून धरली पाहिजे. ते गप्प राहिले, तर वर्ग ओस पडल्याची तक्रार त्यांनी कोणत्या तोंडाने करावी?