भाड्याचे घर काकतीत, मालक परगावी. मधल्या माणसाचे काय?

बेळगावहून पुणे-बंगळुरू महामार्गाने उत्तरेकडे निघाले की काही किलोमीटरवर काकती लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचा जन्म १७७८ साली येथे झाला, ही या गावाची सर्वपरिचित ओळख. अलीकडच्या काळात मात्र गावाचे अर्थकारण महामार्गाने घडवले आहे. काकतीची औद्योगिक वसाहत, तिला लागून होनगा, बेळगावच्या बाजूला यमुनापूरचा ॲल्युमिना कारखाना आणि पुढे भूतरामनहट्टीजवळ २०१० साली स्थापन झालेले राणी चन्नम्मा विद्यापीठ, अशी ही साखळी आहे. कारखान्यात पाळीने काम करणाऱ्याला, शिकायला आलेल्या मुलाला आणि बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्याला प्रथम डोक्यावर छप्पर लागते. शहराच्या वेशीवरील अशा गावांत भाड्याची खोली हे म्हणूनच शेतीइतकेच खात्रीचे उत्पन्न ठरू लागते.

घर बांधणारा मात्र पुष्कळदा त्या घराजवळ राहत नाही. कुणी पुण्यात नोकरीला असतो, कुणी बंगळुरूत, तर कुणी गोव्यात व्यवसायात स्थिरावलेला असतो. घराची किल्ली मग चुलत भावाकडे, कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे किंवा ज्याने भाडेकरू आणून दिला त्या दलालाकडे राहते. भाडे तोच गोळा करतो, पंपाचा बिघाड तोच पाहतो, घर रिकामे झाल्यावर अनामतीतून रंगकामाचे पैसे तोच वजा करतो. मराठीत अशा माणसाला पूर्वी कारभारी किंवा वहिवाटदार म्हणत. मोठ्या शहरांत आता त्याला प्रॉपर्टी मॅनेजर म्हणतात आणि तो स्वतंत्र व्यवसाय मानला जातो. काकतीसारख्या ठिकाणी काम तेच आहे. त्याला नाव, कागद आणि हिशेब मात्र नाही. बेळगाव परिसरातील एखाद्या पदवीधर तरुणाने हा व्यवसाय करायचे ठरवले, तर त्याची खरी कसोटी या तीन गोष्टींवरच लागेल.

दलाल आणि व्यवस्थापक यांतील फरक आधी स्पष्ट व्हायला हवा. दलालाचे काम करार झाला की संपते आणि त्याचा मोबदलाही तेथेच चुकता होतो. व्यवस्थापकाचे काम करारानंतर सुरू होते. तो परक्याच्या मालमत्तेचा आणि परक्याच्या पैशाचा सांभाळ करीत असतो. कायद्याच्या भाषेत तो घरमालकाचा अभिकर्ता, म्हणजे एजंट असतो व त्याला १८७२ चा भारतीय करार कायदा लागू होतो. या कायद्याच्या कलम २११ नुसार त्याने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागले पाहिजे, कलम २१३ नुसार मागताक्षणी हिशेब दिला पाहिजे आणि कलम २१८ नुसार मालकाच्या वतीने घेतलेली रक्कम, आपला मेहनताना व खर्च वजा जाता, मालकाला पोहोचवली पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वीची ही तीन कलमे आजही या व्यवसायाचा पाया आहेत.

त्यापुढची व्यवस्था मात्र विस्कळीत आहे. कर्नाटकाच्या १९९९ च्या भाडे कायद्यात मध्यस्थांच्या नोंदणीची तरतूद आहे. पण शहराच्या वर्गाप्रमाणे दरमहा ३,५०० किंवा २,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. आजच्या दराने दोन खोल्यांचे साधे घरही ही मर्यादा सहज ओलांडते. २०१६ च्या रेरा कायद्यातील एजंटांची नोंदणी ही प्रकल्पांतील खरेदी-विक्रीसाठी आहे. भाड्याच्या घराची देखरेख तिच्यात येत नाही. उरतो तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि दोघांनी सही केलेला करार. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने करार अकरा महिन्यांचा करण्याची प्रथा पडली. नोंदणीचा खर्च त्यामुळे वाचतो, पण वादाच्या वेळी भाडेकरूच्या हाती एक साधा मुद्रांक कागद एवढेच राहते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याने मालमत्ता व्यवस्थापकाची स्वतंत्र व्याख्या केली. पावती देऊन भाडे घेणे, मालकाच्या वतीने आवश्यक दुरुस्ती करणे, वेळोवेळी घराची पाहणी करणे, नोटिसा देणे आणि वाद मिटवण्यास साहाय्य करणे ही त्याची कर्तव्ये तेथे नोंदवली आहेत. मालकाच्या सूचनेविरुद्ध वागणाऱ्या व्यवस्थापकाला दूर करण्याचा किंवा त्याच्याकडून भरपाई वसूल करण्याचा अधिकार भाडे न्यायालयाला आहे. निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली आहे. हा आदर्श मसुदा असल्याने तो स्वीकारणे राज्यांवर बंधनकारक नाही. मात्र व्यवस्थापकाला त्यातील कर्तव्ये आपल्या करारात स्वतःहून उतरवून घेता येतात.

हे सारे कागदी सोपस्कार वाटतील. पण त्यांच्या अभावी बुडतो तो बहुधा भाडेकरू. कर्नाटकात ‘भोग्य’ किंवा लीज या नावाने एक पद्धत रूढ आहे. भाडेकरू काही लाखांची रक्कम एकदम देतो, दरमहा भाडे देत नाही आणि मुदत संपल्यावर मूळ रक्कम परत घेतो. मधल्या माणसाने भाडेकरूकडून ही रक्कम घ्यायची, मालकाला घर मासिक भाड्याने दिल्याचे सांगायचे, काही महिने भाडे पाठवायचे आणि मग नाहीसे व्हायचे, अशा फसवणुकीची प्रकरणे बंगळुरूत पोलिसांपर्यंत गेली आहेत. मालकाने त्या माणसाला एवढी रक्कम स्वीकारण्याचा अधिकार दिला होता का, या एका प्रश्नावर भाडेकरूची आयुष्यभराची बचत अवलंबून राहते. हे अधिकारपत्र त्याने आधीच मागितले असते, तर पुढचा अनर्थ बहुतेक वेळा टळला असता.

सीमाभागात या अडचणीला भाषेचा आणखी एक पदर आहे. मालक आणि भाडेकरू आपसात मराठीत बोलतात, करारपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असते, ग्रामपंचायतीचे उतारे कन्नडमध्ये येतात. ई-स्वत्तू प्रणालीतील नमुना ९ आणि ११ ही पंचायत हद्दीतील मालमत्तेची मूळ कागदपत्रे. घर खरोखर कोणाच्या नावावर आहे, हे त्यांवरून कळते; परंतु ज्याला ती वाचता येत नाहीत, त्याला मध्यस्थाच्या शब्दावर विसंबावे लागते. कन्नड कागद वाचून त्याचा अर्थ मराठीत समजावून सांगणारा, सही करण्यापूर्वी प्रत्येक अट दोन्ही पक्षांना ऐकवणारा व्यवस्थापक म्हणूनच येथे अधिक मोलाचा ठरेल. भाषेच्या राजकारणाने दुरावलेल्या या भागात दोन्ही भाषा येणे हे त्याचे खरे भांडवल आहे.

कामाचे स्वरूप किती बारीक असते, याचे एक उदाहरण वीजबिलाचे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकांना मर्यादेत दरमहा २०० युनिटपर्यंत मोफत वीज मिळते आणि भाडेकरूही तिला पात्र आहेत. त्यासाठी भाडेकरूचा आधार क्रमांक हेस्कॉमच्या त्या घराच्या जोडणीशी जोडावा लागतो. जुना भाडेकरू निघून गेला आणि त्याची जोडणी काढली गेली नाही, तर नव्याचे काम अडते. मालक पुण्यात बसून हे करील, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

उत्पन्नाचे गणितही डोळसपणे मांडले पाहिजे. समजा, दरमहा ५,००० रुपये भाड्याची दहा घरे एखाद्याकडे आहेत आणि त्याचा मेहनताना भाड्याच्या १० टक्के आहे. तर महिन्याचे हाती येतात ५,००० रुपये. वीस हजारांसाठी अशी चाळीस घरे लागतील आणि चाळीस घरांच्या गळक्या नळांसाठी रात्री-अपरात्री फोन घ्यावा लागेल. त्यातच मागणी एका जागी स्थिर राहत नाही. विद्यापीठाच्या नव्या संकुलासाठी हिरेबागेवाडीची निवड झाली आहे. विद्यार्थ्यांचा ओघ तिकडे वळला तर काकती परिसरातील खोल्यांना कामगारांवर अधिक अवलंबून राहावे लागेल. सुरुवातीला हा जोडधंदा म्हणूनच करणे शहाणपणाचे ठरते.

गोव्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. परदेशी गेलेल्या कुटुंबांची बंद घरे आणि पर्यटकांना भाड्याने दिले जाणारे बंगले येथे गावोगावी आहेत. घर दुसऱ्याच्या स्वाधीन केले की ते कायमचे गेले, ही भीतीही येथे खोलवर रुजलेली आहे. भाटकार आणि मुंडकार यांच्या नात्याचा इतिहास आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा तिच्या पाठीशी आहे. भीतीपोटी घर कुलूपबंद ठेवणे किंवा तोंडी विश्वासावर कुणाच्याही हाती किल्ली देणे, हे दोन्ही मार्ग नुकसानीचेच आहेत.

मधला मार्ग फार खर्चिक नाही. भाडे व अनामत स्वीकारण्याची मर्यादा सांगणारे मालकाचे लेखी अधिकारपत्र, प्रत्येक रकमेची पावती, घर देताना व घेताना दोघांच्या सहीने केलेली सामानाची यादी, अनामतीसाठी वेगळे बँक खाते आणि दर महिन्याचा हिशेब एवढ्यावर हा व्यवसाय उभा राहू शकतो. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीत असे काम करणाऱ्यांची एक साधी नोंदवही ठेवली, तर भाडेकरूला विचारायला जागा मिळेल. भाडे न्यायालये येतील तेव्हा येतील. तोवर काकतीत खोली शोधणाऱ्या कामगाराने पैसे मोजण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: घरमालकाने तुम्हाला दिलेला कागद कुठे आहे?