गाडी पुण्यात, धूर चंद्रपुरात

मा. ऊर्जामंत्री, परिवहनमंत्री आणि पर्यावरणमंत्री,
महाराष्ट्र राज्य



२०२५च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात आपण १,९९३ कोटींची तरतूद केलीत. २०३०पर्यंत नव्या वाहनांपैकी ३० टक्के वाहनं विजेवर चालावीत असं उद्दिष्ट ठेवलंत. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलही माफ केलात. या धोरणाला माझा पाठिंबा आहे. तरीही हे पत्र लिहावं लागतंय, कारण त्या मोटारींना लागणारी वीज जिथे तयार होते तिथे आम्ही राहतो.

आमच्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. वारा फिरला की तुकुम, दुर्गापूर, ऊर्जानगरमध्ये गच्चीवरच्या कपड्यांवर करडी, पिठासारखी राख बसते. ती झटकावी लागते. ओल्या हाताने पुसायला गेलं तर डाग आणखी पसरतो. उन्हाळ्यात पापड-कुरडया घालायच्या तर बायका आधी वारा कुठून येतोय ते बघतात. राख निदान दिसते तरी. चिमणीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड दिसत नाही, आणि हवेत गेल्यावर त्याचेच सूक्ष्म कण होऊन ते थेट फुफ्फुसात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये देशातल्या औद्योगिक भागांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं होतं.

म्हणून इलेक्ट्रिक गाडी वाईट, असं मी म्हणणार नाही. पुण्या-मुंबईच्या चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाशी धूर येत नाही, हा फायदा खराच आहे. आवाज कमी होतो. ब्रेक लावताना मोटरच वेग कमी करते, त्यामुळे ब्रेकची धूळही घटते. गाडी जड असल्याने टायर मात्र जास्त झिजतात. खरा प्रश्न वीज कुठली आणि कोणत्या वेळची, हा आहे. त्याचा ढोबळ हिशेब आपल्यासमोर ठेवतो.

लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी १०० किलोमीटरमागे साधारण १५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. तेवढ्याच आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीला त्या अंतरासाठी १५ युनिट वीज लागते असं धरू. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे साडेदहा किलो झाले. बचत झाली, पण शून्य उत्सर्जन काही झालं नाही. शिवाय बॅटरी बनवतानाच दोन-अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. तो या बचतीतून फिटेपर्यंत गाडी ४०-५० हजार किलोमीटर पळालेली असते.

त्यातही ०.७ ही सरासरी आहे. गाडीचा मालक संध्याकाळी सात-आठला घरी येतो आणि प्लग लावतो. तोवर सूर्य मावळलेला असतो, सौर वीज थांबलेली असते आणि मागणी शिखरावर असते. ती भागवायला कोळशाचे संच चालतात. कोळशाच्या एका युनिटला ०.९ ते १ किलो धरला, तर १०० किलोमीटरला १४-१५ किलो होतात. पेट्रोलच्या तुलनेत कमावलेलं जवळजवळ सगळं त्या एका प्लगच्या वेळेत गेलं. तीच गाडी दुपारी बाराला सौर विजेवर चार्ज झाली तर हा आकडा अगदी किरकोळ राहतो. मंत्रिमहोदय, गाडी तीच आणि मालकही तोच. फरक फक्त वेळेचा आहे, आणि ती वेळ बदलणं आपल्या हातात आहे.

स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या विजेत सवलत मिळू लागली आहे, हे चांगलंच झालं. पण दिवसा गाडी घरी नसते. ती हिंजवडीच्या कंपनीत, रेल्वे स्टेशनच्या वाहनतळात, सरकारी कचेरीच्या आवारात उभी असते. तिथे साधे, संथ चार्जर हवेत, भरपूर हवेत. महामार्गावरच्या टोलमाफीवर जो महसूल सोडला जातो, त्यातला वाटा इकडे वळवा. महागडी मोटार घेणाऱ्याला टोल सोडल्याने हवा किती स्वच्छ होते, हे मला समजलेलं नाही. तेच पैसे बसला दिले तर समजतं: शहरातली एक बस दिवसभर धावते आणि तिच्यातून शेकडो माणसं जातात. आणि घुग्घुस-वणीच्या रस्त्यावरून रात्रंदिवस कोळसा वाहणारे डिझेल ट्रक विजेवर आणलेत, तर आपल्या धोरणाचा फायदा पहिल्यांदा आमच्या दारात पोहोचेल.

आता चिमणीबद्दल. धुरातला सल्फर काढून घेण्याची यंत्रणा कोळशाच्या केंद्रांवर बसवायची, हा नियम डिसेंबर २०१५चा. मुदत आधी २०१७ची होती; ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूट दिली. अतिप्रदूषित आणि हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांलगतच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक तज्ज्ञ समितीवर सोपवला. चंद्रपूर या गटात येतं. निर्णय दिल्लीत होईल हे मान्य. पण हे केंद्र चालवणारी महानिर्मिती ही राज्याची कंपनी आहे. मालक म्हणून आपण स्वतःहून यंत्रणा बसवायचं ठरवलंत तर कुणी अडवणार नाही. स्वच्छ गाड्यांचं श्रेय राज्य घेतं, तर या चिमण्यांची जबाबदारीही राज्याचीच आहे.

बॅटरीचाही विचार आत्ताच व्हायला हवा. २०२२च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेणं उत्पादकावर बंधनकारक आहे. पण आपल्याकडच्या अनेक गाड्यांत लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात. त्यांत कोबाल्ट, निकेल नसतं. खाणींच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट, मात्र त्यामुळे भंगारात त्यांना भावही कमी. ज्या वस्तूला भाव नाही ती गोळा करायला कुणी येत नाही, आणि ती फुटली, जळली तर विषारी वायू सोडते. चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोलीतल्या माणसाने स्कूटरची संपलेली बॅटरी नेमकी कुठे द्यायची? प्रत्येक आरटीओच्या आवारात जुन्या बॅटऱ्या घेणारं एक केंद्र सुरू करा. वाहन मोडीत काढण्याचा कागद बॅटरीची पावती पाहिल्याशिवाय देऊ नका.

चंद्रपूरच्या प्रत्येक संचावर सल्फर काढण्याची यंत्रणा कधी चालू होणार, त्याची तारीख संचनिहाय जाहीर करा. चिमणीतल्या सल्फर डायऑक्साइडचे आणि राखेच्या कणांचे रोजचे आकडे शहरातल्या गांधी चौकात फलकावर लावा. या दोन गोष्टींचं लेखी उत्तर आम्हाला येत्या हिवाळी अधिवेशनाआधी हवं आहे.

आपला,
तुकुम, चंद्रपूर येथील एक नागरिक