तारली कुणाची? सुरय पक्षी, रापण आणि समुद्रातली नवी खोती

समुद्रपक्ष्यांचा आणि आंबेडकरी चळवळीचा संबंध काय, असा प्रश्न आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. वस्तीत पाणी नाही, शिष्यवृत्ती अडकली आहे, अट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत आणि तुम्ही पक्षी कसले मोजता? प्रश्नामागचा राग रास्त आहे. या देशात पर्यावरण हा विषय बराच काळ दुर्बीण परवडणाऱ्यांच्या ताब्यात राहिला. पण म्हणून तो त्यांना आंदण द्यायचा का?

वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटे आहेत. १८७५ साली ए. ओ. ह्यूम तिथे पक्षी बघायला गेला होता (दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला तोच ह्यूम). पुढे हुमायून अब्दुलअली यांनी तिथल्या वीण करणाऱ्या सुरय पक्ष्यांवर लिहिले. सुरय वरून सूर मारतो आणि पाण्याच्या अगदी वरच्या थरातला लहान मासा उचलतो. त्याला खोल जाता येत नाही. मासा खाली गेला किंवा दूर गेला की पिल्लू उपाशी.

आता मालवणच्या किनाऱ्यावरची रापण बघा. होडीतून जाळे अर्धगोल टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभे राहून माणसांनी ओढायचे. मासा किनाऱ्याला आला तरच मिळणार. सुरय आणि रापणकार, दोघांचीही पोच तेवढीच. ट्रॉलरला खोली आहे, पर्ससीनला वेग आहे, एलईडीवाल्याकडे जनरेटर आहे. समुद्र तापतो तेव्हा सगळ्यात आधी मरतो तो कमी पोच असलेला. याला मी वर्गाचा आणि जातीचा प्रश्न म्हणतो.

समुद्र तापल्याने नेमके होते काय? पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला खालचे थंड, पोषक पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्या खाऊन तारली वाढते. वरचा थर गरम झाला की तो झाकणासारखा बसतो आणि खालचे पाणी वर यायला अडथळा होतो. पुण्याच्या आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवले की पश्चिम हिंदी महासागरात ही वनस्पती सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटली. बांगडा खोल पाण्यात उतरू लागल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) नोंदवले आहे. केरळात २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली मिळाली होती, २०२१ साली ३,२९७ टन. पुढच्या वर्षी ती पुन्हा लाखावर गेली, हेही खरे. पण या हेलकाव्यात तग धरतो तो कर्ज मिळणारा बोटमालक. दोर ओढणारा आणि पाटी घेऊन वाडीवाडीत फिरणारी बाई तोवर काय खाणार?

आणि तारली हा आपल्या ताटातला मासा आहे. पापलेट-सुरमई हॉटेलात जाते. बौद्धवाडीत शिजते ती तारली, पेडवे, पावसात सुका बांगडा. गरिबाला परवडणारे प्रथिन हेच. तोच मासा कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या फिशमील कारखान्यांत दळला जातो आणि कोळंबीचे, कोंबडीचे खाद्य होतो.

इथे दोन लबाड्या ओळखा. पहिली पर्ससीनवाल्यांची: मासा कमी झाला तो हवामानामुळे, आमच्या जाळ्यामुळे नाही. अरे, हवामानाने अर्धा नेला म्हणता, मग उरलेला अर्धा तुम्हीच का न्यायचा? राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली एलईडी मासेमारीवर बंदी आणली. तरीही पारंपरिक मच्छीमारांना त्याच मागण्यांसाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावे लागते. दुसरी लबाडी सोवळ्या निसर्गप्रेमाची. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासून स्थानिकांचा त्याला विरोध आहे, कारण बंधने आधी लहान होडीवर येणार हे त्यांना कळते. पक्षी वाचवायचा आणि रापणकार हाकलायचा, हे संवर्धन आम्हाला मान्य नाही.

किनाऱ्यावरच्या गावांतही जात आहेच. गाबीत वाडी आणि बौद्धवाडी यांच्यातला हिशेब वेगळा आहे आणि तो मांडावाच लागेल. तेवढ्यासाठी समुद्र भांडवलदाराला सोडून देता येणार नाही. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले शेतकरी मुंबईच्या कौन्सिलवर धडकले, त्यात महारही होते, कुणबीही होते. त्या वेळी मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते. खोत जमीन कसत नव्हता, मधे बसून वसूल करत होता. आजचा खोत किनाऱ्यावर बसून आठ-दहा बोटी पाठवतो आणि खलाशी नेपाळहून आणतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात देवगडच्या आनंदवाडी बंदरात बोटी बुडाल्या, खलाशी वाहून गेले. अरबी समुद्रातली वादळे गेल्या दोन दशकांत ५२ टक्क्यांनी वाढली, असे आयआयटीएमच्या अभ्यासाने सांगितले आहे. बोटीचा पंचनामा होतो. बुडालेल्या रोजंदारीचा पंचनामा कोण करणार?

२०११ साली 'सायन्स' नियतकालिकात सात सागरी परिसंस्थांतल्या १४ जातींच्या समुद्रपक्ष्यांचा अभ्यास आला. लहान मासा त्याच्या कमाल साठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेला की पक्ष्यांची वीण कोसळते, असा त्याचा निष्कर्ष. एक तृतीयांश समुद्रात राहू द्या, ही मागणी पक्ष्यांसाठी आहे तशीच रापणीसाठीही आहे. संविधानाचा अनुच्छेद ३९ (ख) समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी असे सांगतो, आणि तारली ही साधनसंपत्ती आहे. तेव्हा मत्स्य विभागाला निवेदन द्याल तेव्हा त्यात हे लिहा: तारली-बांगड्याच्या पकडीला साठा बघून दरवर्षी मर्यादा, माणसाच्या खाण्याजोगी तारली फिशमीलला देण्यावर बंदी, वादळाच्या भरपाईत खलाशी, दोर ओढणारे आणि मासे विकणाऱ्या बायांची स्वतंत्र नोंद. आणि वेंगुर्ल्याच्या खडकांवर सुरयांची दरवर्षी मोजणी, ती करायला आपली पोरे, रोजगार म्हणून.